विमलची प्रमिलामावशी

प्रमिलाबाई घराचे कोपरे झाडत नसत. बाभुळगावला आमच्या शेजारच्या खोल्यांत त्या राहायला आल्या, त्यानंतर दोनेक दिवसांनी मी विस्तव मागायला गेले तेव्हाच हे माझ्या नजरेत आलं. चुलीमागच्या कोपऱ्यात कोळ्याचं भलं मोठं जाळं होतं. बाई झाडत होत्या, पण तिथं आल्या की फडा वळवून घेत होत्या. मी म्हटलं, देऊ का काढून? तर म्हणाल्या, "राहू द्या. तो आपल्या आधीचा भाडेकरू आहे. पोरं रोज पाहून राहिली, जाळं कुठून विणायला घेते ते."

मी विस्तव घेऊन घरी आले आणि आमच्या यांना सांगितलं की नवी शेजारीण आळशी आहे. असं सांगताना मला बरं वाटलं होतं, हेही आठवतं.

आमचे हे प्राथमिक शाळेत मास्तर. सगळं गाव त्यांना गुरुजी म्हणायचं, म्हणून मीही गुरुजीच म्हणायची. नागपूरला दीक्षा झाली तेव्हा गुरुजी तिथं होते. परत आले ते पांढरा सदरा घालून, आणि दुसऱ्या दिवशी भिंतीतल्या देवळीतले देव फडक्यात बांधून बेंबळा नदीत सोडून आले. देवळी रिकामी झाली. तिथं त्यांनी विमलची पाटी ठेवली. विमल आमची थोरली. त्या दिवसापासून घरात एकच गोष्ट: पोरगी शिकली पाहिजे. माझं शिक्षण चौथीपर्यंत. तरी विमलला मुळाक्षरं मीच शिकवली. तिचा हात माझ्या हातात धरून मी 'क' गिरवून घेतला, तेव्हा वाटलं होतं की या पोरीच्या शिकण्यात माझा वाटा राहील. पाटीवरची अक्षरं संपली आणि नेमक्या तेव्हाच प्रमिलाबाई आल्या.

त्या नागपूरच्या. वडील गिरणीत कामाला. आमच्यासारखीच दीक्षा घेतलेलं घर, पण त्या बापानं मुलीला मॅट्रिक करून कॉलेजात घातलं होतं, तेही सायन्सला. एक वर्ष झालं आणि बाप वारला. मग लग्न. नवरा ढोर दवाखान्यात स्टॉकमन, स्वभावानं गरीब, सायकलवर गावोगाव जाऊन बैलांना इंजेक्शनं द्यायचा. त्यांचा एकुलता एक मुलगा अशोक विमलच्याच वयाचा. त्या एका वर्षाच्या कॉलेजाबद्दल बाई कधी बोलत नसत. एकदाच म्हणाल्या होत्या, की प्रयोगशाळेचा वास अजून नाकात आहे. तसा वास मी कधी घेतला नव्हता. कसा असतो ते विचारावंसं वाटलं, पण विचारलं नाही.

दिसायला साध्याच. सावळ्या, उंच, पदर नेहमी कमरेला खोचलेला आणि त्या खोचलेल्या पदरात एक भिंग. नवऱ्यानं दवाखान्यातून टाकाऊ म्हणून आणलेलं, कडेला टवका उडालेलं. स्वयंपाक करताना मधेच ते डोळ्याला लावायच्या. भाकरी करपायची, दूध उतू जायचं, वरणाला कधी चव नसायची. माझं घर सारवलेलं, भांडी लखलखीत, ज्वारीची भाकरी चंद्रासारखी गोल. पण गल्लीतली पोरं दुपार झाली की त्यांच्याकडे धावायची. आणि सगळ्यांच्या पुढं आमची विमल.

काय नव्हतं त्या घरात! कंदिलाच्या काचेला वर फडकं बांधून आत रुईची पानं आणि त्यावर पट्ट्यापट्ट्यांची अळी. ती अळी पान खाते, फुगते, मग उलटी लटकून हिरवा कोष होते आणि त्या कोषावर सोन्याचे ठिपके असतात, हे मला विमलनं रात्री जेवताना सांगितलं. "माय, खरंखुरं सोनं वाटते. कोणी लावलं असंल?" मी म्हटलं, निसर्गानं. विमल म्हणाली, "मावशी म्हणते, निसर्ग म्हणजे उत्तर नाही, ते फक्त नाव आहे." गुरुजी खुश होऊन हसले. मी ताटात आणखी भात वाढला.

प्रमिलाबाईंची एक खोड होती. त्या पोरांना उत्तर देत नसत. पोरगं विचारायचं, मुंगी एवढा मोठा दाणा कशी उचलते? त्या म्हणायच्या, "मले नाही माहीत. पाहू या." आणि खरंच पालथ्या पडून पोरांच्या रांगेत मुंगी पाहायच्या. मोठी बाई, शेणानं सारवलेल्या जमिनीवर पोटावर. मला आधी वाटायचं की यांना सगळं ठाऊक असतं आणि नाटक करतात. पुढं कळलं की बऱ्याच गोष्टी खरोखर ठाऊक नसायच्या, आणि ते सांगायला त्यांना लाज वाटायची नाही. मला मात्र कुणी काही विचारलं आणि मला आलं नाही, की मी काहीतरी ठोकून द्यायची. चौथीत शाळा सोडवलेल्या बाईला 'माहीत नाही' म्हणणं परवडत नाही. कॉलेजात गेलेलीला परवडतं. हा फरक मला कुणाला समजावून सांगता आला नसता, पण तो मला रोज टोचायचा.

हिवाळ्यात कापसाचा हंगाम सुरू झाला. आमच्या घरांपुढून जिनिंग कारखान्याकडं गाड्यांची रांग लागायची. एका दुपारी विमल धापा टाकत आली. तिचे डोळे असे झाले होते की मी घाबरले. म्हणाली, "माय, भिंतीवर बैलगाडी उलटी चालली. चाकं वर, बैलं खाली डोकं. पण कापूस नाही सांडला."

प्रकार असा होता. प्रमिलाबाईंच्या दारातली लाकडाची एक गाठ निखळून बारीक भोक पडलं होतं. त्यांनी भर दुपारी दारं-खिडक्या लावून फटींना पोती लावली, पोरांना अंधारात बसवलं आणि समोरच्या चुना दिलेल्या भिंतीवर रस्ता उतरला. रंगासकट. उलटा. पांढऱ्या कापसाची गाडी, गाडीवानाचा तांबडा पटका, सगळं. विमल मला ओढत होती, चल, पाहाले चल. मी म्हटलं, माझे तांदूळ निवडायचे राहिलेत.

पण दुसऱ्या दिवशी विमल शाळेत आणि धाकटा पोरगा झोपलेला असताना मी आमचं दार लावून घेतलं. फटींना जुनी लुगडी लावली. दाराच्या एका फटीत काडी घालून भोकासारखं केलं आणि भिंतीकडं तोंड करून बसले. आमचं घर कवलारू, वरून जागोजागी उजेड गळत होता. भिंतीवर एक मळकट पट्टा आला. बाहेर गाडी गेल्याचा खडखडाट ऐकू आला, तेव्हा पट्टा थोडा हलला. बैल नाही, कापूस नाही. बराच वेळ बसून मी लुगडी काढली. ते चित्र नीट पाहायला मी प्रमिलाबाईंकडे जाऊ शकले असते. दोन दारं ओलांडायची होती. मी गेले नाही.

हेव्याला नेहमी बरोबरीचं माणूस लागतं. तहसीलदारणीचा मला कधी हेवा वाटला नाही. पण ही बाई आमच्याच वस्तीतली, माझ्याच वयाची. तिच्या बापानं तिला पुढं शिकवलं आणि माझ्यानं मला शेताच्या धुऱ्यावर गवत कापायला पाठवलं, एवढाच काय तो फरक. मी दोघींचे नुसते हात पाहिले तरी मला वाटायचं, हे भिंग माझ्या हातात का नाही?

एक समाधान मात्र होतं. त्यांचा अशोक माझ्या चुलीजवळ येऊन बसायचा. गोरागोमटा, थोडा लाजाळू मुलगा. गरम भाकरीवर तेल-तिखट घालून दिलं की गुपचूप खायचा आणि मग बोलत सुटायचा. शाळेत कोण भांडलं, वडिलांच्या सायकलची साखळी कशी तुटली, त्याला स्वप्नात काय दिसलं. मी नुसतं हाव, हाव म्हणत मान डोलवायची. त्याला कुठलाही प्रश्न विचारायची नाही. हळूहळू तो रोजच यायला लागला. विमल तिकडं, अशोक इकडं. एकदा प्रमिलाबाई त्याला बोलवायला आल्या आणि उंबऱ्यात थबकल्या. तो मला कुठलीशी गंमत सांगत होता आणि हसता हसता त्याला ठसका लागला होता. त्या ऐकत उभ्या राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "तुमच्याजवळ तो बोलते, विमलच्या आई. माझ्याजवळ फक्त उत्तरं देते."

त्या दिवशी मी अशोकला आणखी एक भाकरी दिली.

पुढच्या पावसाळ्यानंतर मी ठरवलं की या बाईला आपल्या मुलखात न्यायचं. माझ्या भावाचं राळेगावकडं चार एकर शेत. तिथं तरी मला तिच्यापेक्षा जास्त कळतं, हे विमलनं पाहावं असं वाटत होतं. दोन्ही घरची पोरं घेऊन आम्ही एसटीनं गेलो. कपाशीची पऱ्हाटी कमरेएवढी झाली होती, फुलं लागली होती. मी विमलला आणि अशोकला फांदीजवळ नेलं. म्हटलं, हे पाहा, हे आज उमललेलं फूल, दुधासारखं पिवळट. आणि हे कालचं, गुलाबी. उद्या हे गळून पडेल आणि इथं बोंड धरेल. एकाच झाडावर एकाच फुलाचे दोन रंग. पोरं खरंच पाहत राहिली. विमलनं माझ्याकडं मान वर करून पाहिलं. ती नजर मी कितीतरी दिवस दुसऱ्या बाईच्या वाट्याला गेलेली पाहत होते.

प्रमिलाबाई वाकल्या. भिंग काढलं. फूल बघितलं, मग दुसरं बघितलं. त्यांना हे माहीत नव्हतं. त्यांचा चेहरा उजळला आणि त्या म्हणाल्या, "वा, हे तर मी कधी पाहिलंच नव्हतं. पण काहून होत असेल गुलाबी? उन्हानं? का म्हातारं झालं म्हणून?"

झालं. विमल त्यांच्याकडं वळली. मग एका फुलावर टोपी घालून सावली केली, एका फुलाला दोरा बांधून खूण केली, दुसऱ्या दिवशी पाहायचं ठरलं, आणि भावाच्या घरी मुक्काम करावा लागला. सावलीतलं फूलही गुलाबी झालं. पोरांनी केवढा गलका केला. मी पऱ्हाटीच्या ओळीत उभी होते. फूल मी दाखवलं होतं. त्यांनी फक्त 'काहून' म्हटलं आणि फूल त्यांचं झालं.

पुढच्या उन्हाळ्यात विमलला विंचू चावला.

सकाळची वेळ. मी पाणी भरायला गेले होते. परसात सरपणाच्या आडोशाला गोवऱ्यांची रास होती. विमल एकटीच तिथं बसून गोवऱ्या उचलून खाली काय राहतं ते पाहत होती. प्रमिलाबाईंचा पोरांना नेम होता: आधी डोळे, मग काडी, मग हात. विमल डोळ्यांवरून एकदम हातावर गेली. मी हंडा घेऊन आले तर पोरगी हात धरून बसलेली, रडत नव्हती, नुसती थरथरत होती. गोवरीखाली तांबडा विंचू.

त्या लाल विंचवाला आमच्याकडं सगळे भितात. मोठं माणूस तग धरतं, लेकराचं सांगता येत नाही. मी ओरडले. प्रमिलाबाई धावत आल्या, नवऱ्याला सायकल काढायला लावली, ते पोरीला पुढं बसवून निघाले आणि मागोमाग धावत आम्ही दोघीही सरकारी दवाखान्यात पोचलो. गुरुजी शाळेतून तसेच पळत आले. दुपारपर्यंत विमल घामानं भिजली, हातपाय गार पडले, तोंडातून लाळ येऊ लागली. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि म्हणाले, आता वाट पाहायची. वस्तीतल्या बायका जमल्या होत्या. एकीनं विंचू उतरवणाऱ्याला बोलावू का म्हणून विचारलं. गुरुजींनी मान हलवली. म्हणाले, पोरगी दवाखान्यातच राहील.

मी खाटेजवळ खाली बसले होते. जुनी सवय जात नाही. माझे ओठ आपोआप मरीआईचं नाव घ्यायला हलले आणि तिथंच थांबले. देव तर नदीत सोडलेले. नवीन काय म्हणायचं ते मला त्या घडीला सुचेना. आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला प्रमिलाबाई विमलचं मनगट धरून, नवऱ्याचं घड्याळ समोर ठेवून तिची नाडी मोजत होत्या. डॉक्टर मधून मधून येऊन त्यांनाच विचारत होते. त्यांच्या हाताला धरायला माझ्या लेकीची नाडी होती. माझ्या हाताला काहीच नव्हतं.

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "सोडा तिचा हात. तुमच्याचपायी झालं हे. कायले दाखवता लेकरांना किडेमुंग्या? द्या इकडं."

प्रमिलाबाईंनी माझ्याकडं पाहिलं. चेहरा पांढराफटक झाला होता. त्यांनी हात सोडला नाही. दुसऱ्या हातानं माझी बोटं धरली, विमलच्या मनगटावर अंगठ्याखाली नेऊन टेकवली आणि थोडी दाबली. म्हणाल्या, "इथं. लागते का? ही तुमचीच आहे. धरा."

आधी काही लागेना. मग लागली. दोरा आतून कुणी ओढावा तशी, बारीक, घाईघाईची. ती माझ्या बोटाखाली आली तेव्हा मी रडू लागले. प्रमिलाबाई उठून बाहेर व्हरांड्यात गेल्या आणि संध्याकाळपर्यंत तिथंच बसल्या. मी मनगट सोडलं नाही. मोजता येत नव्हतं, पण ती घाई मंदावल्याचं मला डॉक्टरांच्या आधी कळलं.

विमल शुद्धीवर आली तेव्हा ऊन उतरलं होतं. तिनं डोळे उघडले. मी वाकले. ओठ हलले म्हणून कान जवळ नेला. पोरगी म्हणाली, "माय, मावशीले सांग. विंचवाच्या पाठीवर पिल्लं होती. पांढरी. लय सारी."

मरणाच्या दारातून आलेली माझी लेक, आणि पहिला निरोप मावशीला. मी बाहेर गेले आणि निरोप सांगितला. शब्द न शब्द सांगितला. प्रमिलाबाई ऐकून घेऊन तोंडावर पदर दाबून राहिल्या.

त्यानंतर त्यांचं दार बंद झालं. कुणी बंद करायला लावलं नाही. वस्तीत कुजबुज झाली, एक-दोघींनी आपली पोरं पाठवणं थांबवलं, पण बाकीची जातच होती. बाईंनीच त्यांना परत पाठवलं. कंदिलाची काच पुसून कंदिलाला बसली. कोपरे झाडले गेले. एके दिवशी मी काही कामानं गेले तर चुलीमागचं जाळं नव्हतं आणि टोपलीत चांगल्या गोल भाकऱ्या होत्या. पदराला भिंग नव्हतं.

मला जे हवं होतं ते मिळालं होतं. विमल दिवसभर माझ्याजवळ. मी सारवायची, ती शेजारी बसायची. मीही प्रयत्न केला. तिनं एकदा विचारलं, माय, शेण वाळलं की हलकं काहून होते? मी म्हटलं, तसंच असते बाई. तिनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आणखी काही विचारलं, मी तसंच काहीतरी सांगितलं. मग तिनं विचारणं सोडलं. गुणी पोरीसारखी भांडी घासायची, भावाला खेळवायची, शाळेत जायची. गुरुजींच्या लक्षात आलं नाही. माझ्या आलं. पोरगी घरात होती, आणि तरी तिची आठवण यायची.

एके दुपारी मी सुपात तुरीची डाळ घेतली, विमलचा हात धरला आणि प्रमिलाबाईंच्या दारात गेले. त्या कपडे घड्या करत होत्या. मी म्हटलं, पोरीला बसवा. त्या घड्या करत राहिल्या. म्हणाल्या, "भीती वाटते मले. तुमचं लेकरू आहे. पुन्हा काही झालं तर?"

मी म्हटलं, "मी बी बसते. डोळे तुम्ही दाखवा. विंचू निघाला तर मी मारीन."

त्या हसल्या. त्या महिन्यांत त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. आणि मग मी दोनेक वर्षं त्यांच्या उंबऱ्यात बसले. डाळ निवडायची, वाकळ शिवायची, आणि ऐकायची. पोरं पुन्हा जमली. पाण्यात बुडवलेली काठी मोडल्यासारखी का दिसते, चुना लावला की हळद लाल का होते, पळसाच्या फुलांचं पाणी उन्हात ठेवलं तर रंग टिकतो की उडतो. यातलं निम्मं मला लहानपणापासून माहीत होतं. हळदीला चुना लागला की कुंकवासारखं लाल होतं हे आमच्याकडं कुठल्याही बाईला ठाऊक. पण कुणी त्याच्यापुढं बसून राहिलं नव्हतं.

एकदा मीच विचारून बसले. वरणाला फोडणी देऊन आले होते, तोंडातून निघून गेलं, की मोहरी तडतडते ती कशापायी? प्रमिलाबाई सरळ बसल्या. म्हणाल्या, "बाई, एवढी वर्षं फोडणी घालते, मी स्वतःले हे कधी विचारलंच नाही." मग माझ्या चुलीवर, माझ्या कढईत मोहरी पडली. ओली, सुकी, रगडलेली, सगळी. रगडलेली काही केल्या उडेना. विमल तेलाचे शिंतोडे चुकवत माझ्याकडं पाहत होती. ती नजर आली. पऱ्हाटीतली. मी कढई हलवत राहिले, दुसरं काय करणार.

एवढं झालं म्हणून हेवा गेला, असं नाही. दुसऱ्या दिवशी विमल तीच मोहरी पुडीत बांधून घेऊन सकाळीच मावशीकडं गेली.

मग स्टॉकमनची बदली झाली, वणीकडं. सामान लादताना ते बिचारे सहज म्हणाले, सरकारी नोकरी म्हणजे विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. म्हणून गेले आणि जीभ चावली. आम्ही तिघी, मी, विमल आणि प्रमिलाबाई, एकमेकींकडं पाहत राहिलो आणि मग विमललाच पहिल्यांदा हसू फुटलं. अशोक मात्र माझ्या चुलीजवळून उठेना. त्याच्या आईनं दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा त्या स्वतः आल्या आणि त्याला उठवण्याऐवजी त्याच्याजवळ बसल्या. मी दोघांनाही भाकरी वाढली. त्यांनी ती शेवटच्या घासापर्यंत खाल्ली.

नंतर भेट झाली ती तीन-चार वर्षांनी. राजूरला गुरुजींच्या चुलत भावाच्या मुलीचं लग्न होतं. राजूरला कोळशाची खाण, तिथं आमचे कितीतरी लोक कामाला. तिथंच कळलं की प्रमिलाबाई आता राजूरमध्येच राहतात. लग्न लागल्यावर मी आणि विमल पत्ता विचारत निघालो. विमल तेव्हा आठवीत. दोन वेण्या, नवं परकर-पोलकं, अंगानं एकदम उंच झालेली. वाटेत तिची पावलं माझ्या पुढं पडत होती. तिनं मावशीला सांगायच्या गोष्टी मनात जुळवून ठेवल्या होत्या. शाळेत विज्ञानात पहिली आली होती. हे मावशीला आधी सांगायचं की नंतर, हे मला दोनदा विचारून झालं होतं.

घर कामगारांच्या ओळीच्या टोकाला होतं. कुंपण म्हणून तुराट्या उभ्या केलेल्या. आम्ही कुंपणापाशी आलो आणि आतला आवाज ऐकून थांबलो. अंगणात सात-आठ पोरं घोळका करून बसली होती. खाणीतल्या माणसांची पोरं, काहींच्या पायांना कोळशाची काळी धूळ. मधे प्रमिलाबाई. केस कानांपाशी पांढरे झाले होते. पदर खोचलेला होता. खाणीतून कुणीतरी आणलेला राखाडी दगड त्यांच्या हातात होता, दुभंगलेला, आणि आतल्या बाजूला एका लांबट पानाचा ठसा. पानाच्या शिरा न शिरा. एवढ्या लांबूनही दिसत होत्या.

त्यांच्या मांडीला मांडी लावून एक मुलगी बसली होती. सहा वर्षांची असेल. नाक वाहत होतं, केसांच्या जटा झालेल्या. तिनं विचारलं, दगडात पान कसं शिरलं? प्रमिलाबाईंनी दगड तिच्या दोन्ही तळहातांवर ठेवला, तिची बोटं शिरांवरून फिरवली, आणि म्हणाल्या, "मले नाही माहीत. तुले काय वाटते?"

ती मुलगी वर पाहू लागली. मला ते डोळे ओळखीचे होते.

मी विमलला म्हणणार होते, चल, हाक मार मावशीला. मी वळून पाहिलं. विमल तुराटीला धरून उभी होती. ओठ घट्ट मिटलेले. ती मावशीकडं पाहतच नव्हती. त्या मुलीकडं पाहत होती, तिच्या तळहातांवरच्या दगडाकडं, तिच्या खांद्यावर टेकलेल्या मावशीच्या हाताकडं. तिच्या चेहऱ्यावर जे होतं ते जगात माझ्याइतकं कुणी ओळखलं नसतं. नुसतं ओळखलं नाही, ते माझ्याच छातीत पुन्हा चमकलं.

"जाऊ या का आत?" मी विचारलं.

विमलनं मान हलवली. म्हणाली, "आता नको, माय. थोड्या वेळानं."

मी तिचा हात धरला. मनगटावर, अंगठ्याखाली. तिनं तो सोडवून घेतला नाही. कुंपणाच्या बाहेर आम्ही दोघी उभ्या राहिलो. आत प्रमिलाबाई दगडावर इतक्या वाकल्या होत्या की त्यांचं डोकं आणि त्या पोरीचं डोकं एकमेकांना लागलं होतं. त्यांनी वर पाहिलंच नाही.